जंगल-गावांतल्या फेलोशिपचा अर्ज भरण्याआधी

अर्जात ‘आदिवासींसाठी काहीतरी करायचंय’ असं लिहू नका. असे अर्ज ढिगाने येतात. त्याऐवजी एक संध्याकाळ २००६चा वनहक्क कायदा वाचा, निदान कलम ३ आणि ५. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क (म्हणजे जंगलावर सगळ्या गावाचा मिळून हक्क) मिळाला आणि पुढे ग्रामसभेने स्वतःचा बांबू स्वतः विकला. हे कसं घडलं ते समजलं, की आपण तिथे शिकवायला नाही, शिकायला जातोय हे आपोआप लक्षात येतं.

मग अर्जात नेमकं काम लिहा: वनहक्काच्या दाव्यांची कागदपत्रं लावणं, जीपीएसने हद्दी मोजणं, तेंदूपानाचा हिशोब संगणकावर चढवणं. एक्सेल येतं हे इथे कवितेपेक्षा जास्त मोलाचं. (कविताही चालेल, पण नंतर.)

कालावधीही बघा. एसबीआय यूथ फॉर इंडियासारखी फेलोशिप १३ महिन्यांची असते, त्यात एक पावसाळा तरी गावात निघतो. दोन महिन्यांची इंटर्नशिप उन्हाळ्यात पडली, तर लोक मोह आणि तेंदू वेचायला पहाटेच रानात गेलेले असतात. तुम्हीही टोपली घेऊन सोबत जा. प्रश्नावली दुपारी काढा. आणि गोंडीतली निदान वीस वाक्यं पाठ करून जा.