'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड' बघायचाय? आधी प्रिंट नीट निवडा

१९६८ चा जॉर्ज रोमेरोचा हा कृष्णधवल झोंबी-भयपट यूट्यूबवर ढिगाने सापडतो, कारण वितरकाने नाव बदलताना कॉपीराइटची ओळच पडद्यावरून गेली आणि तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात तेवढ्याने सिनेमा सगळ्यांचा झाला, मग ज्याच्या हाती जी घासलेली प्रिंट (सिनेमाची प्रत) लागली त्याने तीच छापली. म्हणून पहिलं दिसेल ते लावू नका, प्लीज.

मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून, म्हणजे शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्यात असलेल्याच फिल्मवरून, केलेलं ४के रिस्टोरेशन (खूप बारीक तपशिलात साफसूफ केलेली प्रत) २०१६ ला आलं आणि २०१८ ला क्रायटेरियन या जुने-गाजलेले सिनेमे काढणाऱ्या कंपनीने त्याची ब्लू-रे काढली, शक्यतो तीच घ्या. रंग भरलेली किंवा १९९९ ची नवे सीन घुसडलेली आवृत्ती टाळाच.

ओळखायचं कसं? सुरुवातीचा स्मशानातला सीन लावा आणि गवत बघा, चांगल्या प्रिंटमध्ये पातं न् पातं वेगळं दिसतं, खराबमध्ये नुसता करडा चिखल. मग घराबाहेरचा रात्रीचा सीन बघा, अंधारातले चेहरे दिसले पाहिजेत.

आता टीव्ही. चित्र जवळपास चौकोनी आहे, बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या, ताणून भरलंत तर माणसं जाडी दिसतात आणि वरखाली कापलंत तर डोकी जातात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारं) आणि नॉइज रिडक्शन (दाणे पुसणारं) बंद, शार्पनेस अगदी कमी. चित्रातले बारीक दाणे दिसले की लोक घाबरून फिल्टर लावतात, अहो ती फिल्मची ग्रेन आहे, ती पुसली की चेहरे मेणाचे होतात!

खोलीतले दिवे तेवढे घालवा.