मिररलेस घ्यावा की छोटा कॉम्पॅक्ट? दुकानात जायच्या आधी घरी करून बघायच्या गोष्टी

आतेभावाने नवीन कॅननचा आर ५० घेतला, म्हणजे मिररलेस, लेन्स बदलता येणारा, सोबत बॉक्समधली १८-४५ ची किट लेन्स. माझ्याकडे कॅननचाच जुना जी ७ एक्स मार्क २ आहे, तोच तो खिशात मावणारा कॉम्पॅक्ट, लेन्स कायमची बसवलेली. गणपतीत तो चार दिवस आमच्याकडे राहायला होता, त्यामुळे दोन्ही कॅमेरे एका टेबलावर आले आणि मग काय, मोदक बाजूला आणि आमची भांडणं सुरू. त्याचं म्हणणं, सेन्सर (आतली उजेड टिपणारी चिप) मोठा म्हणजे फोटो चांगला, विषय संपला. मी म्हटलं संपला नाही, थांब, करून बघू. त्या चार दिवसांत जे केलं ते इथे लिहितोय, कारण "बजेट एवढं आहे, कुठला घेऊ" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हल्ली हेच सांगतो की बाबा आधी हे करून बघ. मित्राकडून मागून आणा, नाहीतर पुण्या-मुंबईत कॅमेरे दिवसावर भाड्याने मिळतात, डिपॉझिट ठेवायचं आणि दोन्ही शनिवार-रविवार घरी आणायचे. यूट्यूबवरचे दहा रिव्ह्यू बघण्यापेक्षा ते बरं.

सगळ्यात आधी सेन्सरचा घोळ मिटवू. कॉम्पॅक्टच्या डब्यावर "एक इंच सेन्सर" लिहिलेलं असतं, पण पट्टी लावली तर तो कुठूनच एक इंच नाही, १३.२ बाय ८.८ मिलिमीटर आहे, हे नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या ट्यूबवरून चालत आलंय. आर ५० चा एपीएस-सी सेन्सर २२.३ बाय १४.९. गुणाकार केला की ११६ विरुद्ध ३३२ चौरस मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तिप्पट. इथपर्यंत आतेभाऊ बरोबर होता. पण सेन्सर म्हणजे अंगणात ठेवलेलं घमेलं, आणि त्यात पाणी किती पडणार हे वरच्या पन्हळीच्या तोंडावर ठरतं, ती पन्हळ म्हणजे लेन्स. माझ्या कॉम्पॅक्टची लेन्स एफ १.८ ते २.८ आहे, त्याची किट लेन्स एफ ४.५ ते ६.३. हा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं. दुकानदार सेन्सरचं सांगतो, हे दुसरं कोणी सांगत नाही.

मग आम्ही समई लावली. हा प्रयोग नक्की करा, खर्च शून्य. रात्री ट्यूबलाइट बंद, आरासीची लायटिंग बंद, फक्त समईचा उजेड. दोन्ही कॅमेरे शटर प्रायॉरिटीला लावायचे, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहणार ते आपण ठरवायचं (कॅननच्या डायलवर त्याला "टीव्ही" लिहिलंय, टेलिव्हिजनशी त्याचा काही संबंध नाही, टाइम व्हॅल्यू), शटर १/६० सेकंद, आयएसओ ऑटो (उजेड कमी पडला की कॅमेरा हा आकडा वाढवतो, आणि जितका वाढेल तितका फोटो खरखरीत), झूम अजिबात न करता, फ्लॅश बंद. एकाच जागेवरून एकच फोटो काढायचा आणि नंतर प्लेबॅकला आयएसओ किती आला ते बघायचं. माझ्या कॉम्पॅक्टने एफ १.८ वर आयएसओ ८०० घेतला. मिररलेसने एफ ४.५ वर ५०००. सवासहा पट! सेन्सर तिप्पट मोठा असून उपयोग काय, ती तिप्पट लेन्सनेच खाऊन टाकली आणि वर उधारी राहिली. मग दोघांना साधारण सत्तर मिलिमीटरपर्यंत झूम केलं (१८-४५ च्या लेन्सला सत्तर कसे, ते पुढे सांगतो), तिथे कॉम्पॅक्ट एफ २.८ आणि आयएसओ २०००, मिररलेस एफ ६.३ आणि आयएसओ १००००. लॅपटॉपवर मोठं करून बघितलं तर आईच्या पैठणीचे काठ माझ्या फोटोत जरीसारखे दिसत होते, त्याच्यात पिवळा रंग फासल्यासारखे. आतेभाऊ गप्प. खोटं कशाला बोला, मला जरा बरंच वाटलं.

आणि अजून एक, १८-४५ हे आकडे बघून फसू नका. हा सेन्सर जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मपेक्षा लहान, म्हणून फिल्मच्या मापात आणायला त्यांना १.६ ने गुणायचं म्हणजे खरा हिशोब २९ ते ७२ येतो. कॉम्पॅक्टच्या बाबतीत तोच हिशोब २४ ते १००. म्हणजे कॉम्पॅक्ट जास्त रुंदही घेतो आणि जास्त लांबही जातो. २४ आणि २९ मधला फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीला पाठ टेकवून आरतीला उभी असलेली सगळी मंडळी एका फोटोत घ्यायची असतील तेव्हा कळतो, मिररलेसमध्ये दोन्ही टोकांचे काका कापले गेले.

आता कोणी म्हणेल मग मिररलेस कशाला घ्यायचा. थांबा, दुसऱ्या दिवशी आतेभावाने डाव उलटवला. त्याच्या मित्राकडून तो ५० मिलिमीटर एफ १.८ ची छोटी लेन्स घेऊन आला, १६० ग्रॅमची, मुठीत मावते. या कॅमेऱ्यावर ती ८० सारखी दिसते, म्हणजे खांद्यापासून वरचा फोटो काढायला एकदम बरोबर. परत समई, परत १/६०. तेवढ्याच झूमला माझ्याकडे आयएसओ २०००, त्याच्याकडे ८००, आणि आता सेन्सरही तिप्पट मोठा, म्हणजे एकूण उजेड सातपट. आजीच्या डोळ्यात समईच्या ज्योती दिसत होत्या आणि मागचं मखर विरघळून गेलेलं. तसा फोटो माझा कॉम्पॅक्ट काढूच शकत नाही, त्याने कितीही जोर लावला तरी. फक्त त्या लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरायची सोय) नाही आणि बॉडीतही नाही, त्यामुळे हात हलला तर फोटो गेला, श्वास रोखून काढायचे.

तर माझं मत सरळ आहे. मिररलेस घ्यायचा तर पहिल्याच दिवशी दुसऱ्या लेन्सचे पैसे बाजूला काढून ठेवा. किट लेन्स लावून तीच आयुष्यभर वापरणार असाल, आणि खरं सांगायचं तर बहुतेक लोक तेच करतात, लेन्स कधीच बदलत नाहीत, तर तुम्ही फक्त एक जाड कॉम्पॅक्ट घेतला. मग खरा कॉम्पॅक्टच घ्या ना.

पण फक्त उजेडावर ठरवू नका, पळणाऱ्या पोरांचीही टेस्ट घ्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये भाचा सायकलवर तुमच्या दिशेने येतोय, बटण दाबून धरा आणि दहा-पंधरा फोटो काढा. आर ५० डोळा पकडतो आणि सोडत नाही, पोरगं चिखलात उडी मारेपर्यंत. २०१६ च्या कॉम्पॅक्टची फोकसची पद्धतच वेगळी, तो पुढे-मागे करून शार्प कुठे आहे ते शोधतो, शोधेपर्यंत सायकल गेटबाहेर. घरात लहान मूल असेल, कुत्रं असेल, शाळेच्या स्पोर्ट्स डेला जायचं असेल तर इथेच निर्णय लागतो, समई विसरा. व्हिडिओचंही तसंच, माझा फुल एचडीवर थांबतो, त्याचा ४के काढतो. शिवाय भर दुपारी उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही तेव्हा व्ह्यूफाइंडरला डोळा लावायची सोय त्याच्याकडे आहे, माझ्याकडे नाही, मी हाताची ओंजळ करून बघत बसतो.

वजनाची टेस्ट अगदी घरगुती. किचनमधल्या काट्यावर ठेवा. माझा बॅटरी-कार्डासकट ३१९ ग्रॅम, त्याचा किट लेन्ससकट ५०५. फरक पावकिलोही नाही, पण मुद्दा वजनाचा नाहीच, खिशाचा आहे. दोन्ही एकेक दिवस बरोबर घेऊन नेहमीसारखं ऑफिसला जा, लोकलने जात असाल तर लोकलने, आणि संध्याकाळी मोजा किती फोटो काढले. माझा जीन्सच्या खिशात जातो (घट्ट होते, पण जातो), त्याला बॅग लागते, आणि बॅग उघडून कॅमेरा काढून टोपण काढेपर्यंत चहावाल्याच्या किटलीतली वाफ विरून गेलेली असते. आतेभावाने त्या दिवशी तीन फोटो काढले, तेही ऑफिसच्या जिन्यात.

पावसाळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं. दोन्ही कॅमेरे पाण्यापासून बंदिस्त नाहीत, ट्रेकला नेताना झिपलॉकची पिशवी हवीच. ताम्हिणीत धबधब्याचं पाणी दुधासारखं मऊ दिसावं म्हणून शटर स्लो करायचं तर कॉम्पॅक्टमध्ये एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळपट काच) आतच आहे, मेनूतून चालू केला की झालं. किट लेन्सला ४९ मिलिमीटरचा वेगळा विकत घेऊन फिरवून बसवायचा, तोही ओल्या हातांनी. मिररलेसची लेन्स बाहेर बदलायची वेळ आली तर बॉडीचं तोंड जमिनीकडे करून बदला आणि वाऱ्याकडे पाठ करा, सेन्सर उघडा पडतो. माझी चूक सांगतो, कॉम्पॅक्टला काही होत नाही या भ्रमात मी एकदा अलिबागच्या किनाऱ्यावर आधीचा एक जुना कॅमेरा वाळूच्या हाताने चालू केला, लेन्स पुढे येताना जो करकर आवाज झाला तो अजून कानात आहे. कॉम्पॅक्टची नळी आत-बाहेर करताना कचरा आत ओढते आणि ती उघडून साफ करणं आपलं काम नाही. मिररलेसला निदान ब्लोअर (हाताने दाबून हवा मारायचा रबरी फुगा) मारता येतो.

प्रिंटची काळजी मात्र करू नका. वीस मेगापिक्सेल आणि चोवीस मेगापिक्सेल यावर लोक तासभर वाद घालतात. लग्नाच्या अल्बमचा १२ बाय १८ चा मोठा प्रिंट घ्या, वीस मेगापिक्सेलचा फोटो ५४७२ पिक्सेल रुंद असतो, भागिले १८ केलं तर इंचाला तीनशेच्या वर येतात, पुरेसे आहेत. व्हॉट्सॲपवर टाकलात तर दोन्ही सारखेच मेले.

पक्षी काढायचे असतील तर या दोघांपैकी कुणीच नाही. भिगवणला आम्ही एकदा किट लेन्स घेऊन गेलो होतो, फ्लेमिंगो म्हणून जे घरी दाखवलं त्याला आईने "हे गुलाबी ठिपके काय आहेत" विचारलं. मिररलेसला निदान पुढे ५५-२१० लावता येते, हिशोबाने ३३६ पर्यंत जाते, तरी भिगवणला ती कमीच पडेल, बागेतल्या बुलबुलाला चालेल.

विकत घेताना जीएसटीचं पक्कं बिल आणि इथली वॉरंटी घ्या. फोर्टात बोरा बाजारात फिरलात तर एकाच कॅमेऱ्याचे दोन भाव ऐकू येतील, स्वस्तातला बहुतेक वेळा बाहेरून आलेला असतो, त्याची वॉरंटी दुकानदाराच्या तोंडची. जुना कॉम्पॅक्ट घेत असाल तर चालू-बंद दहा वेळा करा, नळी अडखळते का ऐका, झूम पूर्ण करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून काळे डाग शोधा. जुनी लेन्स घेत असाल तर मोबाइलचा टॉर्च मागून मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतं का बघा, ती बुरशी, कोकणातल्या आणि मुंबईतल्या घरांत कपाटात ठेवलेल्या लेन्सला हमखास लागते, दिसली तर कितीही स्वस्त असो, परत द्या.

आतेभावाने शेवटी ती पन्नासची लेन्स घेतली. किट लेन्स आता आमच्याकडे पोह्यांच्या जुन्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर पडून आहे, न्यायला येतो येतो म्हणतोय.