प्रवासातल्या लँडस्केप फोटोंपासून विकल्या जाणाऱ्या प्रिंटपर्यंत

दहा ठिकाणचे दहा सुंदर फोटो गॅलरीत नेले, की पहिला प्रश्न येतो: यात तुमचं काय? म्हणून पुढच्या प्रवासाआधी एक विषय पक्का करा. समजा, ओहोटीनंतरचा किनारा. त्याच जागी वेगवेगळ्या ऋतूंत तीन-चारदा जा. १५ ते २० फोटोंची मालिका जमली की मगच दाखवायला काढा. एकसारखे दोन असतील, तर जीव कितीही अडकला तरी एक वगळा.

कॅमेऱ्यात आयएसओ (उजेडाला प्रतिसाद देण्याची पातळी) १००, अपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ ते एफ/११ ठेवा. एफ/१६च्या पुढे छिद्र फार लहान होतं आणि डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे त्यातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, बारीक तपशील मऊ पडतात. लेन्सपुढे लावायच्या १० स्टॉपच्या एनडी फिल्टरने (उजेड अडवणारी गडद काच; दर स्टॉपला उजेड निम्मा) उजेड सुमारे १,००० पट घटतो; त्याशिवाय शटर १/३० सेकंद उघडं ठेवावं लागत असेल, तर त्यासह साधारण ३४ सेकंद. फोकस आधीच करून मॅन्युअलवर टाका, कारण गडद फिल्टरमधून ऑटोफोकस चाचपडतो. वाळूत ट्रायपॉडचे पाय दाबून, खोल रोवून बसवा. लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते, ट्रायपॉड केसभर खचतो आणि क्षितिजाची रेघ दुहेरी उमटते. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर हे एरवी दिसत नाही; किनाऱ्यावर असतानाच झूम करून तपासा.

२४ मेगापिक्सेल म्हणजे साधारण ६००० × ४००० पिक्सेल. ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) २० × १३.३ इंचांचा प्रिंट निघतो. लांबून बघायच्या मोठ्या प्रिंटला १५० पीपीआयही पुरतं. क्रॉप केलंत तर हिशेब पुन्हा मांडा. प्रिंट काळपट येतो, तेव्हा दोष बहुतेकदा स्क्रीनच्या जास्त उजेडाचा असतो: तिच्यावर फोटो उजळ दिसतो, म्हणून आपण तो एडिटिंगमध्ये गडदच ठेवतो. स्क्रीन कॅलिब्रेट करून, म्हणजे तिचे रंग आणि उजेड मोजून जुळवून, ८० ते १२० निटवर (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं एकक) आणा, कागदाच्या प्रोफाइलवर (त्या कागदावर रंग कसे उमटतात याची फाइल) सॉफ्ट प्रूफ, म्हणजे प्रिंटची स्क्रीनवरची झलक, बघा, आणि आधी छोटा नमुना छापून घ्या.

एडिशन, म्हणजे एका फोटोच्या विकायच्या प्रतींची ठरवलेली संख्या, १०ची म्हटली, की अकरावी प्रत नाही. आर्टिस्ट प्रूफ (एडिशनच्या संख्येबाहेरच्या, स्वतःसाठीच्या प्रती) ठेवणार असाल तर किती, आणि वेगळ्या आकाराच्या प्रती त्याच १०मध्ये धरणार का, हे पहिल्या विक्रीआधी लिहून जाहीर करा. प्रत्येक प्रतीचा क्रमांक, आकार, कागद, तारीख आणि खरेदीदार वहीत नोंदवा.

मासिक किंवा जाहिरातीसाठी फोटो मागितला, तर कॉपीराइट स्वतःकडे ठेवून फक्त वापराचा परवाना द्या. त्यात माध्यम, प्रदेश, मुदत आणि एकाधिकार आहे की नाही, हे चारही लिहा. एकाधिकार दिलात, तर तोच फोटो मुदत संपेपर्यंत त्या वापरासाठी दुसऱ्याला देता येत नाही. दर त्या हिशेबाने लावा.