सायकॉलॉजिकल थ्रिलर लिहायचाय? ट्विस्ट राहू द्या, आधी डोकं कुणाचं ते ठरवा

सायकॉलॉजिकल थ्रिलरची शॉर्टफिल्म लिहायला बसलेले बरेच जण सगळ्यात आधी शेवट शोधतात, म्हणजे खुनी तोच निघाला किंवा ती बाई मुळात नव्हतीच, आणि मग त्या शेवटाला जोडायला बाकीची गोष्ट रचत बसतात. माझ्या मते हे उलटं चाललंय. या प्रकारात प्रेक्षक एका माणसाच्या डोक्यात कोंडला गेला पाहिजे, तो काय बघतो, काय समजतो, कशाला घाबरतो तेवढंच आपल्याला मिळणार, आणि ते डोकं भरवशाचं आहे का हीच शंका. म्हणून पहिलं काम हे डोकं निवडायचं. मर्डर मिस्ट्रीत कुणी केलं असं विचारतात, इथे मला दिसतंय ते खरं आहे का असं विचारायचं.

आपल्याकडचंच घ्या, राजा परांजपेंचा १९६४ चा 'पाठलाग'. वकील नवरा, बायको वारलेली, आणि पोलिसांनी पकडलेली हुबेहूब तशीच दिसणारी बाई कोर्टात म्हणते मीच यांची बायको, वर नवरा-बायकोलाच माहीत असतील अशा गोष्टी सांगायला लागते. हातात सुरा घेऊन कुणी मागे लागलेलं नाही तरी आपण खुर्चीत अवघडतो, कारण त्या माणसाला स्वतःच्या आठवणीवरच विश्वास ठेवता येईना. यावरूनच पुढे १९६६ मध्ये हिंदीत 'मेरा साया' आला.

डोकं ठरलं की स्क्रिप्टला हात लावायच्या आधी एक पान वेगळं घ्या आणि त्यावर खरं काय घडलं ते तारीख-वार, वेळेसकट सरळ लिहून काढा, कॅमेरा नाही, सस्पेन्स नाही, फक्त घटना. हे पान कुणाला दाखवायचं नाही पण याच्याशिवाय पुढे जायचं नाही. का ते सांगतो. १९४४ च्या 'गॅसलाइट' मध्ये नायिकेला, म्हणजे इन्ग्रिड बर्गमनला, रोज संध्याकाळी खोलीतला गॅसचा दिवा मंद होताना दिसतो, वरून पावलांचे आवाज येतात, आणि नवरा तिला पटवत राहतो की हे सगळं तुझ्या मनाचे खेळ. खरं असं असतं की नवरा बाहेर जातो असं दाखवून माळ्यावर दागिने शोधत असतो, तिथे तो गॅस पेटवतो आणि त्यामुळे खालच्या दिव्याचा जोर कमी होतो. बघा किती साधं, एक कारण, एक परिणाम, आणि परिणाम पहिल्यापासून आपल्या डोळ्यासमोर! तुमच्या गोष्टीतल्या प्रत्येक विचित्र गोष्टीला त्या एका पानावर असं खरं कारण पाहिजे. कारण सापडत नसेल तर तो सीन कितीही भारी दिसत असला तरी काढून टाका, ती प्रेक्षकाची फसवणूक आहे.

आता एकटेपणा. जुन्या सिनेमात ओसाड बंगला, पाऊस, बंद पडलेला फोन असायचा, आणि आता लोक सरळ मोबाईलची रेंज घालवतात. हे सोडून द्या प्लीज. तुमच्या नायिकेला रेंज असू दे, तिने सगळ्यांना सांगू दे, आणि कुणाचाच विश्वास बसू नये, पण प्रत्येकाकडे विश्वास न बसायचं स्वतःचं बरोबर कारण असलं पाहिजे. सासूला वाटतं रात्री झोप होत नाही म्हणून असं होतंय, वॉचमन म्हणतो मॅडम मी गेटवरच होतो, सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज काढलं तर जिन्यात कुणीच नाही. भरलेल्या घरात, शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकू येतेय अशा फ्लॅटमध्ये माणूस जितका एकटा पडू शकतो तितका जंगलातल्या बंगल्यात पडत नाही, आणि आपले लोक राहतात पण असेच, मग गोष्ट तिथेच घडवा ना.

पुढचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, माहिती कधी द्यायची. थ्रिलरचा उस्ताद दिग्दर्शक हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलंय, बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक काही सेकंद दचकतो, पण बॉम्ब आहे हे त्याला आधीच माहीत असेल आणि टेबलावरची माणसं निवांत गप्पा मारत असतील तर तो सगळा वेळ तडफडतो. त्याने स्वतः 'व्हर्टिगो' मध्ये, १९५८ साली, मोठं रहस्य शेवटाच्या बरंच आधी प्रेक्षकाला सांगून टाकलं, हिरोला मात्र कळू दिलं नाही, आणि तिथून पुढे आपण हिरोकडे बघतो ते याला कळलं तर हा काय करेल या काळजीने. तेव्हा स्क्रिप्ट झाली की दोन रंगांचे पेन घ्या, एकाने प्रेक्षकाला काय माहीत आहे ते समासात लिहा आणि दुसऱ्याने पात्राला काय माहीत आहे ते. दोन्ही रंग पानामागून पान बरोबरीने चालले असतील तर मधला भाग ढिला पडलाय समजा. एखादं रहस्य पाच पानं अलीकडे आणून बघा.

एकच डोकं धरा म्हटलं तरी 'सायको' (१९६०) मध्ये तर नायिका निम्म्याच्या आधीच मरते, मग? तिथे आधी काय केलंय ते नीट बघा. तिने ऑफिसचे ४०,००० डॉलर उचललेत, ती गाडी चालवतेय आणि मागे लोक काय बोलत असतील ते तिच्या कल्पनेतले आवाज आपल्याला ऐकू येतात, म्हणजे आपण पूर्ण तिच्या डोक्यात आहोत. ती गेली की आपल्याला कुणी उरत नाही, आणि समोर फक्त मोटेल चालवणारा नॉर्मन आहे. तो तिची गाडी दलदलीत ढकलतो, गाडी बुडता बुडता मध्येच थांबते आणि आपला श्वास त्याच्यासाठी अडकतो! आपण बाजू कधी बदलली कळतच नाही. डोकं बदलायचंच असेल तर असं, एकदा, आणि प्रेक्षकाला ते महागात पडेल अशा जागी.

कॅमेऱ्याने प्रेक्षकाला त्या डोक्यात बसवायला खर्च लागत नाही. 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज' (१९९१) मध्ये नायिका क्लॅरिसशी बोलणारी माणसं कितीतरी वेळा थेट लेन्समध्ये बघतात आणि ती स्वतः बघते लेन्सच्या किंचित बाजूला, तेवढ्यानेच आपण तिच्या जागी बसून त्या नजरा झेलतो. मोबाईलवर शूट करताना पण हे जमतं. आरशातले शॉट खूप घासून झालेत, एक ठेवा फार तर. आवाजाचं सांगायचं तर 'सायको' चं संगीत बर्नार्ड हरमनने फक्त तंतुवाद्यांवर केलंय आणि हिचकॉकला बाथरूममधल्या खुनाचा सीन आधी संगीताशिवाय हवा होता, हरमनचं ऐकल्यावर त्याने विचार बदलला. आपण मात्र फुकटात मिळणारं ते घुमणारं म्युझिक पहिल्या मिनिटापासून लावतो आणि प्रेक्षकाला आधीच सांगून टाकतो की घाबरायचंय. त्यापेक्षा लोकेशनवर रात्री नुसता खोलीचा आवाज रेकॉर्ड करा, फ्रिज, पंखा, लिफ्टचं दार, आणि ज्या सीनमध्ये ती घाबरते तिथे यातला एक आवाज बंद करा.

आणि एक कळकळीने सांगतो, मानसिक आजार म्हणजे खुनी हे समीकरण आता बंद करा. स्किझोफ्रेनिया आणि एकाच माणसात दोन व्यक्तिमत्त्वं असणं हे दोन वेगळे आजार आहेत, आपल्या स्क्रिप्टमध्ये सर्रास एक करून टाकतात. आजार दाखवायचाच असेल तर आधी वाचा, मानसोपचारतज्ज्ञांशी बोला, आणि त्या माणसावर प्रेम करणारं कुणीतरी गोष्टीत ठेवा. फाझिल यांच्या १९९३ च्या मल्याळम 'मणिचित्रताळ' मध्ये मनाने आजारी असलेल्या नायिकेला, गंगाला, हरवायचं नसतं, वाचवायचं असतं, सगळा क्लायमॅक्स तिच्या उपचारासाठी रचलाय आणि तरीही अंगावर काटा येतो. गंगा झालेल्या शोभनाला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि हिंदीतला 'भूल भुलैया' त्याचाच रिमेक.

शेवट मोकळा सोडायचा असेल तर खुशाल सोडा, पण तुमच्या त्या पानावर उत्तर पक्कं लिहिलेलं असलं पाहिजे, तुम्हालाच माहीत नसेल तर प्रेक्षकाला ते लगेच जाणवतं. स्क्रिप्ट मग दोघातिघांना वेगवेगळी वाचायला द्या आणि आवडली का असं विचारूच नका, संशय कुठल्या पानावर आला ते विचारा. सगळ्यांना एकाच क्लूवरून लवकर कळत असेल तर क्लू काढू नका, त्याला दुसरा पटेल असा अर्थ द्या, म्हणजे दारातली ओली चप्पल खुन्याची असेल तर त्याच सकाळी कामवाल्या मावशी पावसात भिजून आलेल्या दाखवा. आणि कुणालाच शेवटपर्यंत काही कळलं नाही तर खूश होऊ नका, त्यांना लगेच पहिलं पान परत वाचायला सांगा, तिथे त्यांना काहीच सापडलं नाही तर स्क्रिप्ट अजून तयार नाही.