नोकिया ५८०० तपासताय? मग या चुका टाळा

जुन्या फोनचा नाद लागलेली मंडळी माझ्याकडे नोकिया ५८०० एक्स्प्रेसम्युझिक घेऊन येतात आणि पाच मिनिटांत निकाल लावून मोकळी होतात. टच बेकार, व्हिडिओ चालत नाही, कॅलेंडर तर विचारूच नका. अरे, हा ऑक्टोबर २००८मध्ये जाहीर झालेला फोन आहे. सिम्बियनवर चालणाऱ्या एस६० या नोकियाच्या फोन-सॉफ्टवेअरच्या पाचव्या, म्हणजे टचवाल्या आवृत्तीचा पहिला. १२८ एमबी रॅम, ३.२ इंची पडदा, ३.२ मेगापिक्सेल कॅमेरा. त्याला त्याच्या पद्धतीने वागवलंत तरच तो काय करू शकतो ते कळतं.

टच बोटाने कुरवाळून तपासणे

ही चूक इतक्यांदा पाहिली आहे की आता कोणी फोन हातात घेऊन बोट सरकवायला लागला की मी आधी त्याचा हात धरतो. ५८००चा पडदा रेझिस्टिव्ह आहे. वरचा थर दाबून खालच्या थराला टेकला तरच त्याला कळतं. नुसता स्पर्श त्याच्या खिजगणतीत नाही. नख वापरा, स्टायलस वापरा, नाहीतर मूळ खोक्यात मिळणारं गिटारच्या प्लेक्ट्रमसारखं चपटं टोकदार प्लास्टिक वापरा. हातमोजे घातले तरी हा टच चालतो, हे आजच्या फोनवाल्यांना ऐकवायला मला फार आवडतं.

त्याहून संतापजनक प्रकार म्हणजे दुकानदाराने हौसेने चिकटवून दिलेली टेम्पर्ड ग्लास. काच वाकत नाही, दाब खाली पोचत नाही, आणि गिऱ्हाईक म्हणतं ‘डिस्प्ले गेला’. परवाच एकाने असा ‘गेलेला’ फोन आणला होता. काच सोलली, सेटिंग्जमध्ये जाऊन टच कॅलिब्रेट केला, फोन ठणठणीत. तो बिचारा नवा डिस्प्ले शोधत फिरत होता. या पडद्यावर लावायचंच असेल तर पातळ प्लास्टिकचा गार्ड लावा, बाकी काही नको.

आणखी एक. मेनूतल्या आयकॉनवर एकदा दाबलं की ॲप उघडतं, पण यादी असेल तिथे पहिल्या दाबाने ओळ नुसती निवडली जाते आणि दुसऱ्या दाबाने उघडते. ही विसंगती मलाही आवडत नाही. पण ती पाचव्या आवृत्तीची खोड आहे, तुमच्या फोनचा बिघाड नाही. नोकियाने पुढच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे फोनच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, बऱ्याच गोष्टी सुधारल्या, तेव्हा मत बनवण्याआधी *#००००# सलग दाबून आवृत्ती बघा. पहिल्या फर्मवेअरवर बसून स्क्रोलिंगला नावं ठेवण्यात काही अर्थ नाही.

गाणी आणि व्हिडिओ

‘कार्डवर गाणी टाकली, पण प्लेयरमध्ये दिसत नाहीत.’ दिसणार नाहीतच. केबल काढल्यावर म्युझिक प्लेयरच्या ऑप्शन्समध्ये जाऊन लायब्ररी रिफ्रेश करावी लागते. मास स्टोरेजमध्ये, म्हणजे फोन कॉम्प्युटरला पेनड्राइव्हसारखा केबलने जोडलेला असताना, कार्ड फोनला दिसतच नाही, त्यामुळे कॉपी चालू असताना प्लेयर उघडून ‘रिकामा आहे’ असं ओरडू नये.

आवाज तपासताना लोक फोन गादीवर पालथा-उताणा कसाही टाकतात. दोन्ही स्पीकर डाव्या कडेला आहेत, ती कड झाकली की आवाज बसणारच. खरी परीक्षा ३.५ मिमीच्या जॅकला तुमचे नेहमीचे चांगले हेडफोन लावून होते. तो जॅक या फोनचा मोठा गुण. त्या काळी कित्येक फोनना कंपनीचा विचित्र कनेक्टर असायचा. एफएमला अँटेना म्हणून हेडफोनची वायर लागते, ती न लावता रेडिओ मुका आहे म्हणू नका.

आणि हो, गाणं वाजलं म्हणजे स्पीकरचं काम झालं, असं नाही. कानाला लावायचा स्पीकर वेगळा असतो आणि सुरुवातीच्या बऱ्याच नगांमध्ये तोच बंद पडायचा. एक कॉल करून बघा. गाण्याच्या नादात हे सगळे विसरतात.

व्हिडिओचं सांगायचं तर पडदा ६४० × ३६० आहे. सातशेवीस पीची फाइल त्यावर चढवून ती अडखळली तर दोष कोणाचा? कॉम्प्युटरवर त्याच आकाराची एमपी४ करून घ्या, चित्र झकास दिसतं. पण लोकांना दोन मिनिटं कन्व्हर्ट करायचा कंटाळा आणि तासभर तक्रार करायला वेळ.

कॅमेऱ्याला ऑटोफोकस आहे. बटण आधी अर्धं दाबायचं, फोकस लागला की पूर्ण. एका दणक्यात दाबून फोटो पुसट आला म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. भिंगावर झाकण नाही, आधी रुमालाने पुसा. पुढचा कॅमेरा व्हिडिओ कॉलसाठी आहे, सेल्फीची अपेक्षा नको.

ऑर्गनायझर: इथे घाई करू नका

कॅलेंडरमध्ये चार प्रकारच्या नोंदी होतात: मीटिंग, मेमो, ॲनिव्हर्सरी आणि टू-डू. लोक एक मीटिंग टाकतात, अलार्म वाजला की ‘झालं’. मी चारही प्रकारची एकेक नोंद करतो, एकीला पुनरावृत्ती लावतो आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत फोनला हात लावत नाही. ऑर्गनायझर पाच मिनिटांत तपासायची वस्तूच नाही.

२०१०च्या सुमारास आमच्या सोसायटीत विम्याचे एक एजंट काका होते. कोणाचा हप्ता कधी, कोणाच्या नातवाचा वाढदिवस, कोणाकडून चेक आणायचाय, सगळं त्यांच्या ५८००च्या कॅलेंडरमध्ये. हप्ते मीटिंगमध्ये, वाढदिवस ॲनिव्हर्सरीत, चेक टू-डूत. हा ऑर्गनायझर इतका नेटका वापरणारा माणूस मी नंतर पाहिला नाही. दिवाळीच्या सुट्टीत त्यांचा भाचा आला. ‘मामा, हे सगळं नेटवर टाकून देतो, फोन हरवला तरी चिंता नाही.’ हेतू चांगला होता. त्याने मेल फॉर एक्स्चेंज टाकलं, म्हणजे फोनमधलं कॅलेंडर नेटवरच्या सर्व्हरशी जुळवणारं ॲप. पहिल्या सिंकला ते ॲप विचारतं, फोनमधल्या नोंदी ठेवायच्या की काढून टाकायच्या? पोराने वाचलंच नाही, हाताला लागलं ते निवडलं. सर्व्हरवरचं कॅलेंडर नवं कोरं, मग फोनमधलंही तसंच झालं. हप्ते गेले, वाढदिवस गेले. बॅकअप विचाराल तर शून्य. काका पुढे कितीतरी दिवस जुनी पावतीपुस्तकं उलगडून नोंदी परत भरत बसले होते, आणि भाचा ‘सिम्बियन भंगार आहे हो’ म्हणत पुण्याहून पसार.

भंगार काय? फोनने विचारलं होतं की!

तेव्हापासून कोणाचाही जुना फोन आला की मी आधी फाइल मॅनेजरमधून मेमरी कार्डवर बॅकअप घेतो, मगच बाकीचं. विकणाऱ्याला त्यातल्या नोंदी नको असल्या तरी घेतो. फोन पुसून कोरा करणारे रिसेटचे कोड पाठ करून आलेल्या उतावळ्यांना तर मी फोन देतच नाही.

फुटकळ, पण डोकं खाणारं

‘सर्टिफिकेट एक्स्पायर्ड’ म्हणून जुनं ॲप अडलं की फोनची तारीख मागे नेऊन ते टाकायची युक्ती सगळ्यांना माहीत आहे. तारीख परत पुढे आणायची मात्र कोणाला आठवत नाही. मग कॅलेंडरचे अलार्म वाजेनात म्हणून फोन खराब ठरतो.

अलार्म वाजताना फोन पालथा केला की तो स्नूझ होतो. सेन्सरच्या सेटिंग्जमध्ये हे बंद करता येतं. झोपेत पालथा करून ‘वाजलाच नाही’ म्हणणारे माझ्या घरातही आहेत.

सिम निघत नसेल तर कडेच्या फटीत चिमटा घालू नका. बॅटरी काढा आणि आतून स्टायलसच्या टोकाने सिम बाहेर ढकला.

बॅटरी बीएल-५जे. तीच नोकियाच्या पुढच्या ल्युमिया ५२० या फोनलाही चालायची, म्हणून शोधताना ते नावही टाकून बघा. टेबलावर ठेवून गरगर फिरणारी बॅटरी फुगलेली असते, ती फुकट मिळाली तरी घेऊ नका. आणि मायक्रो-यूएसबीला रात्रभर लावून सकाळी चार्ज झाला नाही म्हणून मला फोन करू नका. त्या भोकातून हा फोन चार्ज होत नाही, त्याला बारीक पिनचा नोकियाचाच चार्जर लागतो.