बेदाण्याच्या शीतगृहातील उखडलेली फरशी
तासगावजवळच्या आमच्या शीतगृहात दाराशी काँक्रीटच्या फरशीवर दिलेल्या इपॉक्सीचे, म्हणजे घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेच्या लेपाचे, दुसऱ्याच उन्हाळ्यात पोपडे निघू लागले. एक पोपडा उलटून पाहिला, तेव्हा त्याच्या पाठीला काँक्रीटची पातळ साल चिकटलेली होती. म्हणजे चिकटण्यात उणीव नव्हती, ताणच असह्य झाला होता. आत ४ अंश, बाहेर ४० अंश आणि त्यावर बेदाण्याचा चिकटा काढायला ओतलेले कढत पाणी, अशा ठिकाणी काँक्रीटपेक्षा कितीतरी अधिक प्रसरण पावणारे आणि ६० अंशांच्या आसपास मऊ पडणारे साधे इपॉक्सी टिकणे अवघडच होते. तेवढा पट्टा घासून तेथे ६ मिलिमीटर जाडीचे पॉलियुरेथेन सिमेंट, म्हणजे राळ आणि सिमेंटचे उष्णतेचे धक्के सोसणारे मिश्रण, भरले. आतील दुरुस्तीसाठी इपॉक्सीच वापरले. मात्र १० अंशांखाली ते नीट घट्ट होत नाही, म्हणून खोली रिकामी करून यंत्रे आठवडाभर बंद ठेवली.