जुनं लॅन कार्ड फेकण्याआधी: लिनक्सवर बिघाड कसा शोधायचा

लालबागमधल्या आमच्या अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणारी मुलं बसतात. तिथले कॉम्प्युटर एका ऑफिसने बदलून टाकलेले, आम्ही मागून आणलेले. सगळ्यांवर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) आहे आणि देखभाल माझ्याकडे. त्यामुळे "काका, नेट गेलं" ही हाक रोजचीच. एवढ्या वर्षांच्या अनुभवाने माझं एक मत पक्कं झालंय: जुनं लॅन कार्ड, म्हणजे नेटची वायर जिथे खोचतो ते कार्ड, स्वतः क्वचित मरतं, बिघाड बहुतेक वेळा त्याच्या आजूबाजूला असतो. म्हणून शोध खालून वर घ्यायचा. आधी वायर, मग कार्ड, ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम), लिंक (वायरीच्या दोन टोकांमधली जोडणी), आणि आयपीचं, म्हणजे मशीनच्या नेटवर्कवरच्या पत्त्याचं, सगळ्यात शेवटी. राउटर बंद-चालू करत बसण्यात वेळ घालवू नका.

कार्डाच्या मागचा दिवा लागत नसेल तर वायर काढून पुन्हा खोचा. क्लिप 'कट्' अशी बसली पाहिजे. क्लिप तुटलेली असेल तर वायर बदलाच, कारण पंख्याच्या वाऱ्यानेही ती हलते. दुसरी चालू वायर, स्विचचं (सगळ्या मशीनच्या वायरी जिथे येतात त्या डब्याचं) दुसरं पोर्ट, असं एका वेळी एकच काहीतरी बदला. पावसाळ्यात आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत सॉकेटमधल्या बारीक पिनांवर हिरवट थर धरतो. टॉर्च मारली की दिसतो. मशीन बंद करून, पॉवरची वायर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकं पुसा आणि वाळू द्या. घरी क्रिम्प केलेल्या, म्हणजे टोकाला प्लग दाबून बसवलेल्या वायरीत हेही बघा: १०० एमबीपीएसला १, २, ३ आणि ६ या चारच पिना लागतात, नेहमीच्या जोडणीत म्हणजे नारिंगी आणि हिरवी जोडी. गिगाबिटला मात्र आठही लागतात. म्हणून निळी किंवा तपकिरी तुटलेली वायर जुन्या कार्डावर उत्तम चालते आणि नव्यावर रडते.

आता कार्ड मशीनला दिसतंय का ते बघू. टर्मिनलवर 'एलएसपीसीआय -एनएनके' (lspci -nnk) चालवा. यादीत 'इथरनेट कंट्रोलर' अशी ओळ हवी. जुन्या मशीनमध्ये ती बहुधा रिअलटेक ८१३९ ची, इंटेल प्रो/१०० ची किंवा थ्रीकॉम ३सी९०५ ची असते. ओळच नसेल तर बहुधा कार्ड स्लॉटमध्ये नीट बसलेलं नाही. बाहेर काढा, सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबरने हळू घासा, चुरा झटका, पुन्हा घट्ट बसवा. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करायचा.

त्याच यादीत 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ बघा. ८१३९ ला '८१३९टू', इंटेल प्रो/१०० ला 'ई१००', ३सी९०५ ला '३सी५९एक्स' हा ड्रायव्हर लागतो. 'डीमेसेज'मध्ये (dmesg, म्हणजे कर्नलच्या, लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदींमध्ये) '८१३९सीपी' हा दुसरा ड्रायव्हर कुरकुरताना दिसेल, की ही चिप माझी नाही, ८१३९टू वापरा. घाबरू नका, तो नुसता बाजूला होतोय. रिअलटेकच्या गिगाबिट कार्डासाठी फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम) सापडत नाही अशी ओळ आली तर 'फर्मवेअर-रिअलटेक' पॅकेज टाका. डेबियन १२ पासून ते 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या भागात मिळतं. मशीन ३२-बिट असेल तर डेबियन १२ वरच थांबा, कारण १३ मध्ये त्यासाठी इन्स्टॉलर आणि कर्नल दोन्ही नाहीत.

आता सगळ्यात फसवा बिघाड. आमच्याकडे पिंग (दुसऱ्या मशीनला हाक मारून उत्तर येतंय का बघणं) झकास, वेबसाइट उघडतात, पण सर्व्हरवरची जुन्या प्रश्नपत्रिकांची मोठी पीडीएफ कॉपी करायला घेतली की पट्टी पुढे सरकतच नव्हती. 'एथटूल ईएनपी२एस०' (ethtool enp2s0, यातलं दुसरं कार्डाचं नाव) चालवल्यावर स्पीड १००, डुप्लेक्स हाफ असं आलं. हाफ म्हणजे एका वेळी एकाच दिशेने डेटा, फुल म्हणजे दोन्ही दिशांनी एकदम. 'आयपी -एस -एस लिंक'मध्ये (ip -s -s link) कोलिजनचा, म्हणजे टकरींचा आकडा चढत होता आणि 'विंडो'च्या रकान्यातही, म्हणजे उशिरा होणाऱ्या टकरी. इथे कारण उघड झालं. आमचा स्विचही ऑफिसातलाच, सेटिंग करता येणारा, आणि त्याच्या काही पोर्टांवर '१०० फुल' कायमचं बसवलेलं होतं. असं पोर्ट वेग आणि डुप्लेक्स ठरवण्याची बोलणी (ऑटोनेगोशिएशन) करतच नाही. समोरचं कार्ड बोलणी करू पाहतं, उत्तर येत नाही. वेग त्याला सिग्नलवरून कळतो, डुप्लेक्स कळत नाही. मग नियमानुसार ते हाफ धरतं. स्विच कधीही पाठवतो, कार्ड समोरचा गप्प होण्याची वाट बघतं. थोडा डेटा निभावतो, भार पडला की फ्रेम (डेटाचे तुकडे) फुटतात आणि पुन्हा पुन्हा पाठवाव्या लागतात.

उपाय एकच चांगला: दोन्ही टोकांना ऑटो. स्विचच्या सेटिंगपर्यंत पोचताच येत नसेल तर कार्डही त्याच आकड्यावर बांधा: 'एथटूल -एस ईएनपी२एस० स्पीड १०० डुप्लेक्स फुल ऑटोनेग ऑफ' (ethtool -s enp2s0 speed 100 duplex full autoneg off). रीबूट झालं की हे पुसलं जातं, म्हणून नेटवर्कच्या सेटिंगमध्ये लिहून ठेवा. एकच टोक कधीही बांधू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. निम्मी दुखणी तिथूनच सुरू होतात. आणि मध्ये स्विचऐवजी जुना हब असेल तर त्यावर हाफच चालतं, फुल लादायचं नाही. दुरुस्तीनंतर दोन मशीनमधला वेग मोजणारं 'आयपर्फ३' (iperf3) दोन्ही दिशांनी चालवा, उलट्या दिशेसाठी '-आर' (-R). एका बाजूचा आकडा अजून फार खाली असेल तर काम संपलेलं नाही.

कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये गेलं तर त्याचं नावही बदलतं, ईएनपी२एस० चं ईएनपी४एस० होतं, आणि सेटिंगच्या फाइलमध्ये जुनंच नाव राहतं. मग आयपी मिळत नाही. नाव दुरुस्त केलं की झालं.

सगळं ठीक असून ब्राउझर सर्टिफिकेटची तक्रार करत असेल तर तारीख बघा. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपली की मशीन कित्येक वर्षं मागे जातं, आणि एचटीटीपीएस साइट उघडत नाहीत. नेटवर्कचा त्यात काही दोष नसतो.

दुसरी वायर, दुसरं पोर्ट, दुसरा स्लॉट, एवढं होऊनही एररचा आकडा चढतच राहिला तर कार्ड बदला. कॉम्प्युटरचे सुटे भाग मिळतात त्या लॅमिंग्टन रोडला निघण्याआधी कॅबिनेट उघडून स्लॉटचा फोटो काढा. लांब पांढरा स्लॉट बहुधा साध्या पीसीआयचा असतो, आखूड असेल तर पीसीआय एक्सप्रेस. एकाचं कार्ड दुसऱ्यात बसत नाही. मी इंटेल प्रो/१००० मागतो: पीसीआयसाठी जीटी, एक्सप्रेससाठी सीटी. ड्रायव्हर अनुक्रमे 'ई१०००' आणि 'ई१०००ई', दोन्ही कर्नलमध्येच आहेत, वेगळं काही उतरवावं लागत नाही.